काउबॉय टोपी, फिडल आणि ट्रम्पेट : तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात मी मर्ल हॅगर्डच्या एका जुन्या अल्बमबद्दल चार ओळी खरडल्या होत्या, की माणूस पक्का कंट्रीतला पण १९७० सालच्या ह्या रेकॉर्डवर वेस्टर्न स्विंग, जॅझ आणि ब्लूज तिन्ही एकत्र नांदतात, एकदा ऐकाच. चार ओळींवर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. काही प्रेमाची, काही वैतागाची, एक तर चक्क भांडणाचं. म्हणून ह्या वेळी सगळं पान त्यालाच दिलंय, बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात, रागवू नका.

ताई, कंट्री म्हणजे गिटार, घोडा, दारू आणि सोडून गेलेली बायको एवढंच मला माहीत. त्यात जॅझ कुठून आलं? आणि अल्बमचं नाव काय, तुम्ही ते लिहायलाच विसरलात!
*— गोंधळलेला श्रोता*

विसरले नाही हो, नाव इतकं लांब आहे की तेव्हा चार ओळींतली दीड ओळ त्यातच गेली असती. 'अ ट्रिब्यूट टू द बेस्ट डॅम फिडल प्लेयर इन द वर्ल्ड', आणि त्यापुढे आणखी शेपूट, 'ऑर, माय सल्यूट टू बॉब विल्स'. म्हणजे जगातल्या सगळ्यात जबरी फिडलवाल्याला (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच) मानाचा मुजरा. तो फिडलवाला म्हणजे बॉब विल्स, टेक्सासचा, जन्म १९०५ चा, आणि हा मुजरा करणारा मर्ल हॅगर्ड १९३७ चा, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळच्या ऑइलडेलचा.

हॅगर्डची पार्श्वभूमी थोडी सांगते कारण त्याशिवाय हा अल्बम कळत नाही. त्याचे आईवडील ओक्लाहोमातून आलेले, मंदी आणि धुळीच्या वादळांच्या त्या काळात हजारो कुटुंबं तशीच पश्चिमेला आली, तिथले लोक त्यांना हिणवून 'ओकी' म्हणायचे. घर म्हणजे रेल्वेचा मालडबा, वडिलांनी तोच नीट करून राहायला घेतला (तो डबा आता बेकर्सफील्डच्या कर्न काउंटी म्युझियममध्ये ठेवलाय). मर्ल नऊ वर्षांचा असताना वडील गेले, मग पोरगा बिघडला, पळून जाणं, चोऱ्यामाऱ्या, सुधारगृहं, आणि शेवटी सॅन क्वेंटिनचा तुरुंग, १९६० ला सुटला. दहा वर्षांनी हाच माणूस कंट्रीतला सगळ्यात मोठा गायक. आणि अशा वेळी, जेव्हा कंपनी म्हणेल तसली आणखी दहा हिट गाणी काढून पैसा छापता आला असता, तेव्हा ह्यानं काय केलं तर लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या, तोवर जुन्या झालेल्या एका नाचाच्या बँडची, म्हणजे विल्सच्याच बँडची, बारा गाणी घेऊन बसला.

आता तुमचं 'जॅझ कुठून आलं'. ते त्या नाचातूनच आलं. पुढचं पत्र नेमकं तेच विचारतंय म्हणून तिथेच सांगते.

तिन्हीचं मिश्रण म्हणता तर प्रमाण काय? किती कंट्री, किती जॅझ, किती ब्लूज? आणि हे मिसळायची आयडिया पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आली?
*— हिशोबी*

तुमचं नाव अगदी बरोबर आहे बघा. पण हिशोबच चुकीच्या बाजूने मांडलाय, आणि दोष माझा, मीच मागच्या वेळी 'एकत्र नांदतात' असं लिहून तीन वेगळी बिऱ्हाडं असल्यासारखं भासवलं.

खरं म्हणजे घर एकच होतं, वाटण्या नंतर झाल्या. आणि वाटण्या गाणाऱ्यांनी नाही केल्या, विकणाऱ्यांनी केल्या. १९२० च्या दशकात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानातली फडताळं ठरवली, काळ्या लोकांनी गायलेलं ते 'रेस रेकॉर्ड', गावाकडच्या गोऱ्यांनी गायलेलं ते 'हिलबिली', मग गाणं तेच का असेना. १९४९ मध्ये बिलबोर्ड मासिकाने ती नावं बदलली, ऱ्हिदम अँड ब्लूज आणि कंट्री अँड वेस्टर्न केली, भिंत मात्र होती तिथेच राहिली. पण वाजवणारे भिंतीच्या दोन्ही बाजूंना कान लावून बसलेले असायचे. १६ जुलै १९३० ला हॉलिवूडमध्ये जिमी रॉजर्सने, ज्याला कंट्रीचा बाप म्हणतात त्याने, एक गाणं रेकॉर्ड केलं, त्यावर ट्रम्पेट कोणाचा? लुई आर्मस्ट्राँगचा! आणि पियानोवर त्याची बायको लिल हार्डिन. म्हणजे 'कंट्रीत जॅझ आणायची आयडिया' वगैरे म्हणायला जागाच नाही, दोघं एका खोलीत उभेच होते.

बॉब विल्सचंही तसंच. फिडलवाल्यांच्या घरात जन्म, वडील फिडलवर नाचाची गाणी वाजवायचे, आणि हा पोरगा कापसाच्या शेतात काळ्या मजुरांच्या बरोबरीने कापूस वेचत त्यांची गाणी ऐकत मोठा झाला. पुढे टेक्सासमधल्या टर्की नावाच्या गावात केस कापायचा, हो, न्हावी होता. बेसी स्मिथ ही ब्लूजची महाराणी, तिला ऐकायला आपण पन्नास मैल घोड्यावरून गेलो होतो असं तो स्वतः सांगायचा. मग फोर्ट वर्थला आला, मिल्टन ब्राऊन नावाचा गायक भेटला, १९३१ मध्ये दोघं एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसाठी रेडिओवर वाजवायला लागले, बँडचं नाव लाइट क्रस्ट डोबॉइज. पिठाच्या जाहिरातीतून आख्खी संगीतशैली जन्माला आली, आणि त्या गिरणीचा मॅनेजर पॅपी ओडॅनियल रेडिओवरच्या ओळखीवर पुढे टेक्सासचा गव्हर्नर झाला, हे आपलं जाता जाता.

मिल्टन ब्राऊन १९३२ मध्ये वेगळा झाला, १९३६ मध्ये मोटार अपघातानंतर गेला, फार लवकर. विल्सला दारूपायी नोकरीवरून काढलं, तो टेक्सस प्लेबॉइज हा स्वतःचा बँड घेऊन ओक्लाहोमातल्या टल्साला गेला आणि १९३४ पासून केव्हीओओ रेडिओवर रोज दुपारी वाजवायला लागला. रोज दुपारी रेडिओ आणि रात्री नाचाचा हॉल. नाचणारे पैसे देऊन आलेले असतात, त्यांना फॉक्सट्रॉटही पाहिजे, वॉल्ट्झही पाहिजे, ब्लूजही पाहिजे, आणि आजोबांच्या वेळचं फिडलचं गाणंही पाहिजे. मग ठेवा फिडलशेजारी ट्रम्पेट, त्याच्या बाजूला सॅक्सोफोन, मागे ड्रम. त्याला वेस्टर्न स्विंग हे नाव तर १९४० च्या दशकात पडलं, तोवर हे लोक आरामात दहाएक वर्षं वाजवत होते. नाव नसताना जे वाजतं त्याचं प्रमाण कसं काढणार, हिशोबीराव?

ऐकलं तुम्ही सांगितलं म्हणून. छान वाटलं पण कुठे स्विंग कुठे जॅझ कुठे ब्लूज काही कळलं नाही. माझ्यासारख्या कान नसलेल्या बाईने काय धरून ऐकावं?
*— कान नसलेली*

कान आहेत हो, छान वाटलं म्हणजे आहेतच. एक युक्ती सांगते, सगळा अल्बम एकदम नका लावू, दोनच गाणी घ्या.

पहिलं घ्या 'ब्रेन क्लाउडी ब्लूज'. ह्यात शब्दांकडे सध्या लक्षच देऊ नका, बोटं मोजा. एक-दोन-तीन-चार असं आवर्तन बारा वेळा झालं की गाडी परत पहिल्या ठिकाणी येते, हा झाला ब्लूजचा साचा, बारा बार. त्या बारांचे चार-चारचे तीन भाग. पहिल्या भागात एक ओळ, दुसऱ्यात जवळजवळ तीच ओळ पुन्हा, फक्त खालची कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गठ्ठा) बदललेली असते त्यामुळे तेच शब्द जरा वेगळ्या उजेडात दिसतात, आणि तिसऱ्या भागात त्याचं उत्तर किंवा टोमणा. प्रत्येक ओळ चार बार भरत नाही, दोन-अडीच बारात गायक थांबतो, आणि उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. ती जागा ऐका! एकदा फिडल बोलेल, एकदा गिटार, कोणीतरी 'हो ना, खरंय बाबा' म्हटल्यासारखं. शिवाय तिसरा आणि सातवा स्वर जिथे असायला पाहिजे त्याच्या किंचित खाली लागतो, पूर्ण कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधेच कुठेतरी लटकतो, आणि त्या लटकण्यातच सगळं दुःख आहे. हे गाणं विल्सच्या बँडचं १९४६ चं, पण त्याचं मूळ कोकोमो अर्नोल्ड ह्या काळ्या ब्लूजवाल्याच्या १९३४ च्या रेकॉर्डमध्ये आहे.

आता दुसरं, 'राइट ऑर राँग'. हे १९२१ चं गाणं, शहरी, जॅझवाल्यांचं. इथे बारा बारांचा साचा नाही, कॉर्ड भराभर बदलतात, जिना उतरल्यासारख्या. इथे गायकाला सोडा आणि मागच्या ऱ्हिदम गिटारला पकडा. विल्सच्या बँडमधल्या एल्डन शॅम्ब्लिन ह्या माणसाची खासियतच ती, एकच कॉर्ड धरून झणझण करत बसणार नाही, जवळजवळ प्रत्येक मात्रेला नवी कॉर्ड, त्यामुळे गिटार ताल पण देते आणि आतल्या आत एक छोटी चाल पण चालत राहते. हाताची पकड लगेच ढिली करायची, म्हणजे सूर लांबत नाही, 'चक्, चक्' असा बंद आवाज येतो.

आणि स्विंग म्हणजे काय तर डोलणं. एका मात्रेचे दोन सारखे तुकडे केले तर ते कवायतीसारखं वाजतं. स्विंगमध्ये मात्रेचे मनातल्या मनात तीन तुकडे करायचे, पहिला स्वर दोन तुकडे खातो आणि दुसऱ्याला बिचाऱ्याला एकच उरतो. दाऽ-द, दाऽ-द, दाऽ-द. झालं, एवढंच. ह्या डोलण्यावर बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पाय टाकतो आणि गिटारचं ते 'चक्' दुसऱ्या-चौथ्यावर जास्त जोरात पडतं. न्यूयॉर्कच्या मोठ्या जॅझ बँडांमध्ये बेस चारी मात्रा चालायचा, टेक्सासवाल्यांनी बऱ्याचदा दोनचाच ठेवला कारण तिथले लोक त्यावरच नाचत आले होते. बुटांची सवय मोडणं सोपं नसतं.

आणखी एक गंमत. ह्या अल्बमवरचं 'ओल्ड फॅशन्ड लव्ह' लिहिलं जेम्स पी. जॉन्सनने, स्ट्राइड पियानोचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या जुन्या जॅझ पियानोचा, बादशहा, १९२३ च्या ज्या ब्रॉडवे शोमधलं ते गाणं त्याच शोमधून चार्ल्सटन नाच सगळीकडे गेला. आणि 'कोरीन, कोरीना' आधी रेकॉर्ड केलं बो कार्टरने, मिसिसिपीचा ब्लूजवाला, १९२८ मध्ये. हे सगळं एका 'कंट्री' अल्बमवर, मागचं कव्हर वाचलं तरी अमेरिकेच्या अर्ध्या नकाशावर बोट फिरतं.

मधेमधे कोणीतरी 'आऽऽहाऽऽ' करून किंचाळतं ते काय आहे? रेकॉर्डिंगमध्ये चूक राहिली का? माझा कुत्रा उठून बसला.
*— कान दुखलेला*

कुत्र्याला नमस्कार सांगा. ती चूक नाही, ती बॉब विल्सची सही आहे. तो बँडसमोर उभा राहून फिडल वाजवता वाजवता मधेच ओरडायचा, सिगार तोंडात, सोलोची वेळ आली की वाजवणाऱ्याचं नाव घेऊन हाक मारायचा, गाणाऱ्यालाच उलट चिडवायचा. १९३५ मध्ये डॅलसला ह्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग होतं तेव्हा आर्ट सॅदर्ली नावाचा इंग्लंडहून आलेला निर्माता होता, त्याला आधी ही एवढी शिंगंबिंगं, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन हो, कशाला ते कळेना, आणि मग हे ओरडणं ऐकून तर तो म्हणाला की तुझ्या आवाजाने बाकीचे झाकले जातायत. विल्स म्हणे सामान आवरायला लागला, बॉब विल्स पाहिजे असेल तर ओरडणाऱ्यासकट घ्या. घेतलं, नाइलाजाने.

हॅगर्डने आपल्या अल्बमवर त्या हाका तशाच ठेवल्या. आणि मला विचाराल तर तिथे नक्कल आहे हे कळतं, विल्सच्या ओरडण्यात मालकी होती, इथे भक्ती आहे. भक्ती पण चालते, पण कुत्रा कदाचित फरक ओळखत असेल.

मी व्हायोलिन शिकते. फिडल म्हणजे वेगळं वाद्य का? आणि हॅगर्ड तर गिटारवाला ना, मग फिडल कोण वाजवतं?
*— व्हायोलिनवाली*

वाद्य तेच, तुझ्या खांद्यावर आहे तेच. कोणी कोणी ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, जरा सपाट करून घेतात म्हणजे दोन तारा एकदम वाजवणं सोपं पडतं, बाकी फरक वाजवणाऱ्याच्या मनगटात आणि कुठे वाजवतोय त्यात.

पण तुझा दुसरा प्रश्न भारी आहे. हॅगर्डला फिडल येत नव्हतं! फिडलवाल्याला मुजरा करायचा आणि हातात गिटार धरून कसा करायचा, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी काही महिने बसून तो फिडल शिकला. चार्टवर पहिल्या नंबरला असणारा बत्तीस-तेहतीस वर्षांचा माणूस पहिल्या दिवसापासून बो (गज) घासत बसलाय आणि घरातले कान झाकतायत, हे चित्र मला फार आवडतं. शिकतानाचा तो आवाज कसा असतो हे तुला सांगायला नको. (मी स्वतः लहानपणी दोन वर्षं शिकले, मग शेजाऱ्यांच्या भल्यासाठी सोडलं.)

तरी त्यानं शहाणपणा केला, एकटाच पुढे गेला नाही. विल्सच्या बँडमधले, टेक्सस प्लेबॉइजमधले, जुने लोक शोधून बोलावले आणि आपल्या स्ट्रेंजर्स बँडशेजारी बसवले. जॉनी गिंबल फिडलवर, जो होली पण फिडलवर आणि तो डावखुरा, एल्डन शॅम्ब्लिन गिटारवर, टायनी मूर इलेक्ट्रिक मँडोलिनवर, अ‍ॅलेक्स ब्रॅशिअर ट्रम्पेटवर, आणि विल्सचा सख्खा भाऊ जॉनी ली विल्स बँजोवर. टायनी मूरचं मँडोलिन खास ऐक हं. नेहमीच्या मँडोलिनला चार जोड्या म्हणजे आठ तारा असतात, ह्याच्या वाद्याला पाच सुट्या तारा, पॉल बिग्स्बीने बनवलेलं, त्यामुळे ते किणकिणत नाही, छोट्या इलेक्ट्रिक गिटारसारखं गोल गोल बोलतं. फिडलच्या जोडीने एकाच चालीत वरखाली चालतं तेव्हा कोण कुठलं ते सांगणं कठीण. तू व्हायोलिनवर ती खालची चाल वाजवून बघ, मजा येईल.

शॅम्ब्लिन आणि मूर पुढे हॅगर्डच्याच बँडमध्ये राहिले. म्हणजे पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले.

स्टील गिटार म्हणजे स्टीलची बनवलेली गिटार का?
*— एका ओळीत*

नाही. गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवायची आणि तारांवर बोटं दाबायच्या ऐवजी स्टीलचा दांडा फिरवायचा, नाव त्या दांड्यावरून. त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्यात मींड घेतल्यासारखं सरकता येतं. कल्पना हवाईची, तिला वीज लावून कंट्रीच्या रेकॉर्डवर पहिल्यांदा आणली बॉब डनने, मिल्टन ब्राऊनच्या बँडमध्ये, जानेवारी १९३५. आणि तो रडकं नाही वाजवायचा, ट्रॉम्बोनसारखे धक्के द्यायचा. त्याच वर्षी विल्सकडे लिऑन मॅकऑलिफ आला, अठरा वर्षांचा पोरगा, आणि पुढच्या वर्षी त्याच्या स्टीलच्या एका सोलोवर आख्खी रेकॉर्ड निघाली, 'स्टील गिटार रॅग'. हॅगर्डकडे हे काम नॉर्म हॅमलेटचं. एका ओळीच्या प्रश्नाला एवढं पुरे.

तुम्ही सगळं गोडगोड लिहिता. काळ्या लोकांचं संगीत गोऱ्यांनी उचललं, टोपी घातली, पैसे कमावले आणि आता त्याला 'मिश्रण' म्हणायचं. एवढं तरी मान्य करा.
*— स्पष्टवक्ता*

हेच ते भांडणाचं पत्र. आणि बरंचसं मान्य आहे, मागच्या वेळी चार ओळींत हे यायला पाहिजे होतं.

विल्सचा बँड गोऱ्यांचा होता, ज्या हॉलमध्ये तो वाजवायचा तिथे त्या काळात नाचायला गोरेच असायचे, आणि ज्यांच्याकडून तो ब्लूज शिकला ते लोक त्या दारातून पाहुणे म्हणून आत येऊ शकत नव्हते. त्याहून कडू म्हणजे १९२९ मध्ये फोर्ट वर्थला आल्यावर विल्सने औषधं विकणाऱ्या फिरत्या खेळात तोंडाला काळं फासून काम केलेलं आहे, तेव्हा गोरे नट तसं करून काळ्यांची नक्कल करायचे आणि लोक हसायचे. एमेट मिलर हा तसाच काळं फासून गाणारा, आवाज मधेच फाटल्यासारखा वर उडवायचा, विल्स त्याचा चाहता, आणि हॅगर्डसुद्धा! हॅगर्डने १९७३ मध्ये न्यू ऑर्लिन्सला डिक्सीलँडची, म्हणजे तिथल्या जुन्या जॅझची, वाद्यं बरोबर घेऊन जो लाइव्ह अल्बम केला तो त्याच मिलरला अर्पण केलेला आहे. हे लपवून कौतुक करणं बरोबर नाही.

पण 'उचललं' ह्या एका शब्दात सगळं मावत नाही असं माझं मत, आणि ते तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. कापसाच्या शेतात पोरगा जे ऐकतो ते तो दुकानातून चोरत नाही, ते त्याच्या कानात राहतं. चोरी कुठे होते तर कागदावर. गाण्याखाली नाव कोणाचं छापलं, रॉयल्टी कोणाला गेली, रेकॉर्ड कुठल्या फडताळात ठेवली, हॉलचं दार कोणाला उघडलं. 'ब्रेन क्लाउडी ब्लूज'च्या श्रेयात विल्स आणि त्याचा गायक टॉमी डंकन ह्यांची नावं आहेत, कोकोमो अर्नोल्डचं नाही. तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर. म्हणून माझी सूचना अशी की हॅगर्डचं गाणं ऐकलं की लगेच अर्नोल्डचं १९३४ चं ऐका, बो कार्टरचं ऐका, बेसी स्मिथ ऐका. हॅगर्डचा अल्बम त्याने लहान होत नाही, आणि त्यांचं देणं थोडं तरी कानावर येतं.

बॉब विल्सने स्वतः हा अल्बम ऐकला का? तेव्हा होता का तो?
*— हळवी*

होता. पण १९६९ मध्ये टेक्सासच्या विधानसभेने त्याचा सत्कार केला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, म्हणजे बो धरायचा हात गेला. हॅगर्डचा अल्बम त्याच्या पुढच्या वर्षीचा, म्हणून त्यात घाई पण जाणवते मला, की हे आत्ता केलं पाहिजे.

मग १९७३ चा डिसेंबर. डॅलसला जुने प्लेबॉइज शेवटचं म्हणून रेकॉर्डिंगला जमले, विल्स व्हीलचेअरवर. पहिल्या दिवशी तो होता, थोडं बोलला, एकदोन हाकाही मारल्या. त्या रात्री पुन्हा स्ट्रोक आला आणि नंतर तो शुद्धीवर आलाच नाही, मे १९७५ मध्ये गेला. हॅगर्ड स्वतःहून विनंती करून त्या रेकॉर्डिंगला आला होता, पण पोचला दुसऱ्या दिवशी. एका दिवसाने चुकामूक. तरी उभा राहून गायला. तो अल्बम 'फॉर द लास्ट टाइम' नावाने आला, रात्री एकटीने ऐकू नका एवढंच सांगते, विशेषतः तुम्ही 'हळवी' अशी सही करत असाल तर.

ह्याच वाटेवरचं पुढे काय ऐकू? फार लांब यादी नको.
*— घाईत*

नको तर नको. विली नेल्सनचा 'स्टारडस्ट', १९७८, कंट्रीवाल्याने गायलेली जुनी जॅझमधली गाणी, निर्माता बुकर टी. जोन्स, कंपनीला भीती होती आपटेल म्हणून आणि तो वर्षानुवर्षं चार्टवर बसून राहिला. त्याच विलीचा ट्रम्पेटवाल्या विंटन मार्सेलिसबरोबरचा 'टू मेन विथ द ब्लूज', २००८ मध्ये आला, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये लोकांसमोर वाजवलेला. विली मागे रेंगाळून गातो, बँड ठेक्यावर आणि हा आपला निवांत, आणि तरी शेवटी बरोबर पोचतो. मग अस्लीप अ‍ॅट द व्हील हा बँड, १९७० चाच, हॅगर्डच्या ह्या अल्बममुळे ज्या तरुण पोरांना बॉब विल्स कळला त्यातले हे, अजून वाजवतायत. आणि शेवटी मूळ माणूस, विल्सच्या १९४६-४७ च्या रेडिओसाठी केलेल्या रेकॉर्डिंगा, 'टिफनी ट्रान्सक्रिप्शन्स' म्हणून मिळतात. त्यात तीन मिनिटांच्या रेकॉर्डची घाई नाही, ज्युनिअर बर्नार्डची गिटार अशी काही खरखरते की पुढे दहा वर्षांनी येणाऱ्या रॉक अँड रोलची चाहूल लागते. खरं सांगू का, हॅगर्डचा अल्बम मला फार आवडतो पण ह्याच्यापुढे तो जरा इस्त्री केलेला वाटतो.

मला नाचता येत नाही. नुसतं बसून ऐकलं तर चालेल ना?
*— खुर्चीतला*

चालेल की. टल्साला केन्स बॉलरूम अजून उभा आहे, विल्स तिथूनच रेडिओवर वाजवायचा, तिथली नाचाची लाकडी जमीन मेपलची आणि खाली स्प्रिंगा बसवलेली, म्हणजे हॉल भरला की जमीनच डोलायची आणि न नाचणाराही आपोआप वरखाली व्हायचा. तुमच्या खुर्चीखाली स्प्रिंगा नसणार, म्हणून तेवढे बूट काढून ठेवा आणि तळवे जमिनीला टेकलेले राहू द्या. 'स्टे अ लिटल लाँगर' लावा, आवाज जरा मोठा. दुसऱ्या कडव्यापर्यंत टाच हलली नाही तर मला पुन्हा लिहा.